विकीवर उद्याची पोस्ट आज ठेवली, पण ती वेळेवर दिसत नाही

२७ फेब्रुवारीची पहाट. मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. आमच्या मंडळाच्या विकीच्या मुखपृष्ठावर त्या दिवसासाठी खास मजकूर यायचा होता आणि तो मी आठवडाभर आधीच तयार करून ठेवला होता. सव्वापाचला फोन वाजला. 'आजचा शब्द' हे सदर सांभाळणाऱ्या काकू पहाटे उठतात.

"अरे, मुखपृष्ठावर अजून कालचंच आहे. रात्री बाराला बदलणार होतं ना?"

मी उठून लॅपटॉप उघडेपर्यंत पावणेसहा झाले. पाहतो तर नवा मजकूर जागच्या जागी.

"काकू, आता दिसतोय की."

"माझ्याकडे नाही दिसत."

आम्ही दोघंही खरं बोलत होतो. त्या एका सकाळी दोन वेगवेगळे बिघाड एकमेकांवर बसले होते आणि मी दोन्हींना एकच समजून पुढचे तीन आठवडे भलतीकडे शोधत बसलो. नंतर हाच प्रकार निरनिराळ्या रूपांत इतक्या वेळा आला की शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. आमचा विकी मीडियाविकी या प्रणालीवर (विकिपीडियाही तिच्यावरच चालतो) चालतो, त्यामुळे बहुतेक लिखाण त्याबद्दल आहे. डोकुविकी आणि टिकी या दुसऱ्या विकी-प्रणाली वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा

विकीला 'उद्या' ही कल्पनाच माहीत नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी लोकांसाठी खुला केला, तेव्हा त्याला नाव दिलं ते हवाई बेटांच्या भाषेतलं, अर्थ 'पटकन'. लिहिलं की दिसलं, हाच त्यामागचा विचार. मीडियाविकीत जतन करणं आणि प्रसिद्ध करणं या एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत. विकिपीडियाने तर पुढे आपल्या बटणावरचा 'जतन करा' काढून 'प्रकाशित करा' आणला, कारण लोकांना हे कळतच नव्हतं. इतर संकेतस्थळ-प्रणालींत तारीख टाकून पोस्ट झाकून ठेवता येते. इथे मूळ प्रणालीत तशी सोयच नाही.

म्हणून 'वेळ लावून ठेवणं' हे विकीवर नेहमी जुगाडानेच होतं, आणि असे जुगाड दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीत मजकूर आधीच विकीवर ठेवायचा आणि मुखपृष्ठावर काय दाखवायचं ते तारखेप्रमाणे बदलू द्यायचं. दुसऱ्या जातीत मजकूर विकीच्या बाहेर ठेवायचा आणि ठरल्या क्षणी एखाद्या सांगकाम्याने, म्हणजे बॉटने, तो जतन करायचा.

तर प्रश्न असा: हा मजकूर वेळेआधी कुणी वाचला तर काही बिघडतं का? रोजचा शब्द, दिनविशेष, लेखमालेचा पुढचा भाग, यांत काही बिघडत नाही, पहिला मार्ग घ्या. स्पर्धेचा निकाल, कार्यकारिणीची घोषणा, पुरस्कार, यांत बिघडतं, दुसराच मार्ग घ्या. माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या अशा की निकालासारखी गोष्ट पहिल्या मार्गाने ठेवली होती. ती फुटली, की मग लोक कॅश, म्हणजे पानांच्या साठवलेल्या प्रती, तपासत बसतात.

सकाळी साडेपाचचं कोडं

तुमची पोस्ट रात्री बाराऐवजी नेमकी पहाटे साडेपाचच्या सुमाराला दिसत असेल तर पुढे वाचायचीसुद्धा गरज नाही, दोष वेळक्षेत्राचा आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरच्या हिशेबी दिवस बदलतो तेव्हा आपल्याकडे दूधवाला येऊन गेलेला असतो. इंग्रजी विकिपीडियाचा रोजचा निवडक लेखही आपल्याकडे साडेपाचलाच बदलतो, पण तिथे तो हेतूच आहे.

मीडियाविकीत आजची तारीख काढून देणाऱ्या शब्दांचे दोन संच आहेत. एक 'करंट' ने सुरू होणारा आणि दुसरा 'लोकल' ने. भाषा मराठी ठेवलेल्या विकीत त्यांची मराठी रूपंही चालतात: सद्यदिवस आणि स्थानिकदिवस. सद्यदिवस नेहमी जागतिक वेळ पाळतो, तुम्ही मांडणीत (सेटिंगमध्ये) काहीही बदला. स्थानिकदिवस तुमच्या विकीसाठी ठरवलेलं वेळक्षेत्र पाळतो. आमच्या साच्यात, म्हणजे इतर पानांत ओढून घेतल्या जाणाऱ्या तयार मजकुरात, सद्यदिवस होता. बदलून स्थानिकदिवस केला, तरीही साडेपाचच. कारण लोकलसेटिंग्ज या विकीच्या मांडणीच्या फाइलमध्ये वेळक्षेत्राची ओळच नव्हती, आणि ती नसली की विकी सर्व्हरचं वेळक्षेत्र घेतो. सर्व्हर भाड्याचा असला की ते बहुधा जागतिकच असतं. तिथे 'आशिया/कोलकाता' लिहिल्यावर प्रश्न मिटला.

इथे मला आठवडाभर फसवलं ते माझ्याच 'पसंती'ने. माझ्या खात्याच्या पसंतीत वेळक्षेत्र भारताचं होतं, म्हणून इतिहासाच्या पानावर सगळ्या वेळा अचूक दिसत होत्या आणि मी म्हणत होतो, वेळ तर बरोबर आहे! खात्याची पसंती फक्त तुम्हाला दिसणाऱ्या नोंदींच्या वेळा बदलते. साच्यातल्या तारखेशी तिचा काहीएक संबंध नाही.

तारीख हव्या त्या घाटात छापणारं 'टाइम' हे फंक्शन वापरत असाल तर तेही जागतिक वेळच देतं. त्याचा स्थानिक वेळ देणारा भाऊ 'टाइम-एल'. नावात एका अक्षराचा फरक, परिणामात साडेपाच तासांचा.

परदेशातल्या मंडळांसाठी एक आगाऊ गोष्ट. १ मेची रात्र मुंबईत बाराला सुरू होते, तेव्हा लंडनमध्ये ३० एप्रिलचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेअकरा. सगळ्यांना 'आपापल्या मध्यरात्री' पोस्ट दिसेल अशी अपेक्षा विकीकडून ठेवू नका. एक गाव ठरवा आणि त्याचं घड्याळ पाळा. त्यातून गुढीपाडवा, गणेश चतुर्थी असे सण असतील तर तिथीचा गुंता वेगळाच. गणेश चतुर्थी २०२५ साली २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला. विकीला पंचांग कळत नाही. दरवर्षी एकदा बसून तारखा हाताने भराव्या लागतात, आणि ते काम आमच्याकडे काकूंच्या कालनिर्णयावर सोपवलेलं आहे.

मला दिसतं, त्यांना दिसत नाही

आता काकूंच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. हा बिघाड कॅशचा, आणि तो एकाच ठिकाणी नसतो.

मीडियाविकी प्रत्येक वेळी पान नव्याने रांधत नाही. एकदा शिजवलेलं पान ते साठवून ठेवतं आणि येणाऱ्याला तेच वाढतं. नेहमीच्या मांडणीत ही मुदत ८६,४०० सेकंद, म्हणजे एक अख्खा दिवस. पानात सद्यदिवस, स्थानिकदिवस असे शब्द दिसले की विकी स्वतःहून ही मुदत बरीच कमी करतो, जुन्या आवृत्त्यांत साधारण तासाभरावर आणतो. म्हणजे रात्री पावणेबाराला कुणी मुखपृष्ठ उघडून ते ताजं शिजवलं असेल, तर पावणेएकपर्यंत कालचंच वाढलं जाईल. एवढा उशीर चालत असेल तर काही करू नका.

पण खाते उघडून (म्हणजे लॉगिन करून) आत आलेल्यांना आणि बाहेरच्या वाचकांना पान वेगवेगळ्या वाटेने मिळतं. बाहेरच्यांसाठी सर्व्हरवर फाइल-कॅश चालू असेल तर अख्खं पान तयार फाइल म्हणून ठेवलेलं असतं, आणि ती फाइल पानात संपादन झालं किंवा कुणी मुद्दाम साफ केली तरच बदलते. तारीख उलटली हे तिला कोण सांगणार? मजकूर तर कुणी बदललाच नाही. त्याच्याही पुढे, सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये, पानांच्या प्रती ठेवणारा व्हार्निश किंवा क्लाउडफ्लेअरसारखा मध्यस्थ बसवलेला असतो. त्यात कुणी 'सगळंच साठव' असा नियम घातला असेल तर विकीने सांगितलेली मुदत तो बघतही नाही.

म्हणून तपासणी अशी करा. त्याच क्षणी तेच पान दोन प्रकारे उघडा: एकदा खाते उघडून, एकदा ब्राउझरच्या खासगी खिडकीत. दोन्हीकडे जुनं दिसलं तर दोष साच्यात, वेळक्षेत्रात किंवा विकीच्या आतल्या साठवणीत. आत नवं आणि बाहेर जुनं दिसलं तर फाइल-कॅश किंवा मध्यस्थ. खासगी खिडकीतही नवं, पण फक्त एका माणसाच्या फोनवर जुनं, तर त्या फोनचा ब्राउझर. काकूंचा प्रश्न मधला होता, कारण त्या कधीच खाते उघडत नाहीत. "पासवर्ड कुठे लक्षात ठेवू?"

उपाय सोपा आहे. पत्त्याच्या शेवटी 'ॲक्शन' बरोबर 'पर्ज' असं जोडलं आणि विकीने खात्री विचारली तर होकार दिला, की विकी ते पान साठवणीतून काढून नव्याने शिजवतो. रोज रात्री बारा वाजून एक मिनिटाने फक्त मुखपृष्ठाला हे करणारी एक ओळ सर्व्हरच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत, टाकली की झालं. सर्व्हरला हात लावता येत असेल तर 'पर्ज-पेज' नावाची स्क्रिप्ट विकीबरोबरच येते. मध्यस्थ असेल तर त्याला पर्जचा निरोप पोचतो आहे ना ते एकदा पाहून घ्या. बहुतेक छोट्या विकींत ती जोडणी केलेलीच नसते.

संपूर्ण विकीची साठवण बंद करा असा सल्ला कुठे दिसला तर ऐकू नका. एका सदरासाठी अख्ख्या घराचा फ्रीज बंद करण्यातला तो प्रकार आहे.

याच घराण्यातला एक चुलत बिघाड: साच्यात बदल केला, पण तो साचा वापरणारी पानं बदलतच नाहीत. विकी असली कामं एका रांगेत टाकतो आणि नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पानभेटीमागे रांगेतलं एक काम उरकतो. मध्यरात्री तुमच्या विकीवर फिरकतंय कोण? रांग तशीच उभी राहते आणि सकाळी वर्दळ सुरू झाली की हळूहळू सरकते. त्यासाठी 'रन-जॉब्स' ही स्क्रिप्ट क्रॉनमधून दर पाच-दहा मिनिटांनी चालवा.

आणि एक बारीक मुद्दा, ज्याने माझा पूर्ण रविवार खाल्ला. तारीख उलटली की पान 'प्रसिद्ध लेख' या वर्गात जावं, अशी अट मी साच्यात घातली होती. पर्ज केल्यावर पानाच्या तळाशी वर्ग दिसू लागला, पण वर्गाच्या यादीत पान नाही ते नाहीच. पर्ज पानाचं रूप ताजं करतं, वर्गांच्या आणि दुव्यांच्या नोंदी नाही. त्यासाठी पान उघडून काहीही न बदलता पुन्हा जतन करावं लागतं. असं जतन इतिहासात उमटत नाही, पण यादी दुरुस्त होते.

देवनागरी आकड्यांचा सापळा

हा भाग इंग्रजीतल्या कुठल्याच मदतपानात ठळकपणे सापडणार नाही, कारण त्यांना तो त्रास नाही. भाषा मराठी ठेवलेला विकी तारखेचे आकडे देवनागरीत छापतो. साचा 'आजचा शब्द/२७ फेब्रुवारी' हे पान शोधतो. तुम्ही पान बनवताना कीबोर्ड इंग्रजी आकड्यांवर होता, म्हणून पान तयार झालं ते इंग्रजी सत्तावीसचं. डोळ्यांना दोन्ही सत्तावीसच, विकीच्या लेखी दोन वेगळी पानं. मुखपृष्ठावर लाल दुवा (नसलेल्या पानाचा) येतो आणि आपण म्हणतो, पान तर आहे!

याची दुसरी बाजू जास्त वाईट. 'आजची तारीख अमुक तारखेहून मोठी असेल तरच दाखव' अशी अट घालायची असेल तर हिशेब करणाऱ्या फंक्शनला देवनागरी आकडे समजत नाहीत. ते पानावर लाल अक्षरांत चूक दाखवतं. इथे दोन वाटा आहेत. एक, चौदा आकडी वेळशिक्का वापरा, म्हणजे 'लोकल-टाइमस्टॅम्प'. त्यात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद सलग येतात आणि तो मराठी विकीवरही इंग्रजी आकड्यांतच मिळतो, म्हणून थेट तुलना करता येते. दोन, 'टाइम-एल' मध्ये त्या-त्या चिन्हाआधी 'एक्स-एन' जोडा, म्हणजे तो आकडा न बदलता मिळतो. मी पहिलीच वाट घेतो. चौदा आकडे एकमेकांशी तोलायला सोपे, आणि महिना उलटला, वर्ष उलटलं तरी तुलना चुकत नाही. दिवस आणि महिना वेगवेगळे तोलणारे साचे डिसेंबर संपला की हमखास घसरतात.

अक्षरांचंही असंच. 'दुसऱ्या', 'पुढाऱ्यांचा', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे. साच्यात एक आणि पानाच्या नावात दुसरा असेल तर पान सापडत नाही. शंका आली की नाव हाताने पुन्हा टाइप करू नका, पानाच्या शीर्षकातून उचलून साच्यात डकवा. आणि खरं सांगायचं तर वेळ लावायच्या पानांची नावं तारखेचीच ठेवा, साहित्यिक शीर्षक आत द्या. शीर्षकाला तशीही २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. संमेलनाच्या सत्राचं पूर्ण नाव त्यात मावत नाही.

पोस्ट वेळेआधी फुटली

तारखेची अट घालून झाकलेला मजकूर झाकलेला नसतो, फक्त समोर मांडलेला नसतो. 'अलीकडील बदल' मध्ये तो तुम्ही जतन केल्याच्या क्षणी दिसतो. शोध घेतला तर सापडतो. 'सर्व पाने' मध्ये असतो. अटीच्या आत घातला असला तरी 'संपादन' किंवा 'स्रोत पहा' वर टिचकी मारली की अख्खा वाचता येतो. आमच्याकडे कथास्पर्धेचा निकाल असाच दोन दिवस आधी बाहेर गेला. कुणी घुसखोरी केली नव्हती. एका स्पर्धकाने स्वतःचं नाव विकीच्या शोधचौकटीत टाकून पाहिलं, एवढंच.

यावर वेगळं नामविश्व, म्हणजे पानांचा स्वतंत्र गट, करून ते वाचण्यापासून रोखायचं विस्तारक (विकीला जोडायची जादा सोय) लावतात. 'लॉकडाउन' हे त्यातलं ओळखीचं नाव. पण मीडियाविकी मुळात पानागणिक वाचनबंदीसाठी बांधलेलंच नाही, आणि त्याचे कर्तेही हे उघड सांगतात. रोखलेलं पान दुसऱ्या पानात साचा म्हणून ओढून घेतलं की मजकूर बाहेर पडतो, त्यासाठी त्या नामविश्वाला साच्यासारखं ओढायला मनाई करणारी आणखी एक मांडणी करावी लागते. एक भोक बुजवलं की दुसरं सापडतं. गुपित असेल तर मजकूर तुमच्या संगणकावर राहू द्या.

पडताळलेली आवृत्तीच दाखवणारी विस्तारकं आहेत, उदाहरणार्थ 'अप्रूव्ह्ड रेव्ह्ज'. त्यात नवं संपादन मंजुरीपर्यंत वाचकाला समोर दिसत नाही. चांगली सोय, पण इतिहासातून ते उघडतंच, आणि मंजुरीची टिचकी ठरल्या वेळी कुणाला तरी द्यावीच लागते.

उलट तक्रारही येते: 'पोस्ट दिसली, पण कुणाला कळलंच नाही.' तारखेने मजकूर बदलतो तेव्हा विकीवर काहीही जतन होत नसतं. म्हणून निरीक्षणसूचीत नोंद नाही, फीडमध्ये नोंद नाही, ईमेल नाही. इतिहासातली तारीख तुम्ही लिहिलं त्या दिवसाची राहते. वाचकांना खबर जायला हवी असेल तर प्रत्यक्ष जतनच घडवावं लागतं, म्हणजे पुन्हा सांगकाम्या.

सांगकाम्या वेळेवर कामाला लावताना

सांगकाम्याला स्वतःचा पासवर्ड देऊ नका. मीडियाविकीच्या १.२७ आवृत्तीपासून 'सांगकाम्या पासवर्ड' चं वेगळं विशेष पान आहे, तिथे फक्त संपादनापुरते अधिकार द्या. पायविकीबॉट हा सांगकाम्यांसाठीचा तयार संच वापरा, किंवा सर्व्हरवरच असाल तर 'एडिट' नावाची स्क्रिप्ट मजकुराची फाइल घेऊन पान जतन करते. ही स्क्रिप्ट आंधळी आहे. मधल्या काळात कुणी त्या पानावर काही लिहिलं असेल तर ती बिनदिक्कत पुसते. नवं पान असेल तर 'पान नसेल तरच बनव' अशी अट असलेला एपीआयचा (प्रोग्रामांनी विकीशी बोलायचा) मार्ग बरा.

क्रॉनमधली वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असते. सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर १ मेच्या मध्यरात्रीसाठी ३० एप्रिल, संध्याकाळी साडेसहा असं लिहावं लागतं. हे जमतं. पण १ मार्चच्या मध्यरात्रीसाठी २८ फेब्रुवारी लिहून ठेवलं तर २०२८ साली, लीप वर्षात, पोस्ट एक दिवस आधी जाईल. काही लिनक्स वितरणांत क्रॉनमध्येच वेळक्षेत्राची ओळ घालता येते. डेबियनचा नेहमीचा क्रॉन ती पाळत नाही, आणि चूकही दाखवत नाही. त्यापेक्षा सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सेवा चालवणाऱ्या प्रणालीचा) टायमर वापरा. त्यात तारखेपुढे थेट 'आशिया/कोलकाता' लिहिता येतं, वर्ष लिहिता येतं, आणि सर्व्हर त्या वेळी बंद असला तर सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकायला सांगता येतं. क्रॉन चुकलेलं काम विसरून जातो.

डोकुविकी किंवा टिकी असेल तर

डोकुविकीची पानं म्हणजे साध्या मजकूर-फाइली, म्हणून अनेक जण ठरल्या वेळी फाइल उचलून पानांच्या फोल्डरात टाकतात. पान दिसतं, पण इतिहास आणि अलीकडील बदल कोरे राहतात आणि शोधातही ते लगेच येत नाही. डोकुविकीबरोबर 'डीडब्ल्यू-पेज' नावाची स्क्रिप्ट येते, तिच्यातून पान सोपवा. तारखेप्रमाणे बदलणाऱ्या पानावर 'नो-कॅश' हा शब्द दोन्ही बाजूंना दुहेरी लहरींसकट टाका. आणि नावं आखूड ठेवा. नेहमीच्या मांडणीत देवनागरीचं एक चिन्ह फाइलच्या नावात नऊ अक्षरं होऊन बसतं, त्यामुळे पंचविसेक चिन्हांपुढे फाइलच तयार होत नाही.

टिकीत लेखांना प्रसिद्धीची आणि समाप्तीची तारीख मुळातच असते, विकीपानांना नसते. लेख तारखेआधीच दिसत असेल तर लेखाच्या प्रकाराची मांडणी उघडा. तिथे 'प्रसिद्धीच्या तारखेआधी दाखवा' अशी खूण असते आणि ती कुणीतरी लावलेली असते.

वर्षभराने परत आलेली पोस्ट

राहता राहिला क्रॉनचा तो दोष, जो पहिल्या वर्षी दिसतच नाही. क्रॉनच्या ओळीत मिनिट, तास, दिवस, महिना आणि वार असतो. वर्ष नसतं. महाराष्ट्र दिनाच्या व्याख्यानाची सूचना मी क्रॉनमधून लावली, ती वेळेवर गेली, सगळे खूश. ओळ काढायची राहून गेली. पुढच्या ३० एप्रिलला सर्व्हरच्या घड्याळाने संध्याकाळी साडेसहाला सांगकाम्याने तीच सूचना, तेच सभागृह, तीच वेळ, मुखपृष्ठावर पुन्हा इमानदारीने चढवली. आदल्या वर्षीचा वक्ता, त्या वर्षी कार्यक्रमच नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंचा फोन. त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, सोबत आणखी सहा जण.

"अरे, इथे कुलूप आहे."

असं झालं तर पान वगळू नका, इतिहासातून मागची आवृत्ती परत आणा आणि संपादन सारांशात काय झालं ते लिहा, म्हणजे ज्यांच्या निरीक्षणसूचीत चुकीची नोंद गेली त्यांना दुरुस्तीचीही जाईल. एकदाच करायचं काम क्रॉनला न देता 'ॲट' ला (ठरल्या वेळी एकदाच काम चालवणाऱ्या आज्ञेला) किंवा वर्ष लिहिलेल्या टायमरला द्या. क्रॉनच वापरायचा असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत वर्ष तपासा आणि ते जुळलं नाही तर तिथेच थांबवा. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता ती ओळ आहे. काकूंनी मात्र तेव्हापासून नवा नियम केला आहे: सूचना विकीवर वाचायची, आणि निघण्याआधी मला फोन करायचा.